हिशेब झाल्यानंतरचे नव्वद दिवस

कागद आधीच टाइप करून ठेवलेला होता. ‘मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ खाली सहीसाठी रेघ, शेजारी तारखेची जागा. भोसरीच्या एका कारखान्यात सहा वर्षं सीएनसी मशिन चालवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांसमोर १४ ऑगस्ट २०२४ला, पाळी संपता संपता, तो कागद ठेवला गेला. ऑर्डरी कमी झाल्या होत्या, अकरा जणांना कमी करायचं ठरलं होतं. “सही करा, हिशेब आजच्या आज मिळेल,” साहेब म्हणाले. “नाहीतर उगाच फेऱ्या माराव्या लागतील तुम्हाला.” दहा जणांनी सही केली. आमच्या शेजाऱ्यांनी एका रात्रीची मुदत मागितली, कागदाची घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि रात्री जेवणं झाल्यावर नवरा-बायको आमच्याकडे वर आले.

कामगारांचे अर्ज लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या रात्री मी आधी ‘स्वखुशीने’ या शब्दाची किंमत काढली. महिना पगार १८,०००, नोकरी सहा वर्षांची. मालकाने कपात केली असं कागदावर आलं, तर औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, म्हणजे १८,००० रुपये. शिवाय पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची भरपाई, म्हणजे साधारण ५४,०००. शिवाय राज्य कामगार विम्याचं बेरोजगारी साहाय्य, २६,६३० (हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो). बेरीज ९८ हजारांच्या वर जाते. ग्रॅच्युइटी पाच वर्षं झाली असल्यामुळे राजीनाम्यानंतरही मिळाली असती. बाकी सगळं त्या एका शब्दात बुडालं असतं.

आपल्याकडे बेकारी भत्ता म्हटलं की लोकांना परदेश आठवतो. पण तो आपल्याकडेही आहे, आणि ज्यांचा हक्क आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं. पगारपत्रकावर दर महिन्याला ‘ईएसआय’ म्हणून राज्य कामगार विम्यासाठी कापली जाणारी छोटी रक्कम ही त्याची किल्ली. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे आणि ३.२५ टक्के मालकाचे, असा हा दर १ जुलै २०१९पासून आहे. १८,००० पगाराला कामगाराचे १३५ रुपये होतात. लोक याला ‘दवाखान्याचे पैसे’ म्हणतात. ते खरंही आहे, कारण १९४८च्या मूळ कायद्यात आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात हे होतं आणि काम जाण्याची सोय नव्हती. ज्या प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४च्या अहवालावरून ही योजना उभी राहिली, त्यांच्याकडे सोपवलेलं कामच मुळी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचं होतं.

ती उणीव किती महागात पडली हे मुंबईने पाहिलं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि गिरणगावातली कुटुंबं भांडी, दागिने, शेवटी खोल्या विकत कोकणात नाहीतर घाटावर परतली. दर महिन्याला विम्याचे पैसे भरलेल्या त्या माणसांना काम गेल्याबद्दल त्या विम्यातून एक रुपयाही देणारा नियम तेव्हा नव्हता. तो आला १ एप्रिल २००५ला, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना या नावाने. मला हे फार लागतं, कारण तोवर माझ्या ओळखीचे कितीतरी गिरणी कामगार गेलेले होते.

आज दोन योजना आहेत, आणि त्यांची गल्लत सतत होते. राजीव गांधी योजना कारखाना बंद पडला, कायद्याने कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या इजेमुळे ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर लागू होते. तिच्यात पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि नंतरचे १२ महिने २५ टक्के मिळतात. एकूण दोन वर्षं. दुसरी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८पासूनची. तिचं दार रुंद आहे, पण आतली खोली लहान. साहाय्य जास्तीत जास्त ९० दिवसांचं, तेही आयुष्यात एकदाच. सुरुवातीला दर २५ टक्के होता आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागे. कोविडच्या टाळेबंदीत, २४ मार्च २०२०पासून, दर ५० टक्के झाला आणि थांबण्याची मुदत ३० दिवसांवर आली. ही वाढीव सवलत कायमची नाही, पुन्हा पुन्हा मुदतवाढ घेत चालत आली आहे. म्हणून आपण अर्ज करू त्या दिवशी कोणता दर चालू आहे हे राज्य कामगार विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावं.

आमच्या शेजाऱ्यांचा कारखाना चालू होता आणि कायद्याच्या रीतीने पुरी झालेली कपात कागदावर यायला वेळ लागणार होता. त्यांनी ‘अटल’चा रस्ता धरला. दोन दिवसांच्या घासाघिशीनंतर ‘काम कमी झाल्यामुळे सेवेतून कमी करण्यात येत आहे’ असं पत्र मात्र मिळवलं. आधी सही केलेल्यांपैकी तिघे मग परत साहेबांकडे गेले, पण त्यांचे कागद तोवर पुढे गेले होते. राजीव गांधी योजनेत स्वतःहून नोकरी सोडणं, स्वेच्छानिवृत्ती, शिस्तभंगाची बडतर्फी, मालकाने केलेली टाळेबंदी आणि बेकायदा ठरलेला संप यांना भत्ता नाही. अटल योजनेतही गैरवर्तनाची शिक्षा, सेवानिवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती वगळलेली आहे. म्हणजे अर्जाचा निकाल पुष्कळदा अर्ज करण्याच्या महिनाभर आधी, एचआरच्या टेबलावर लागून गेलेला असतो. इंग्लंडच्या १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्यात आठवड्याला सात शिलिंग, जास्तीत जास्त पंधरा आठवडे, असा बेकारी भत्ता होता. योग्य कारणाशिवाय नोकरी सोडणाऱ्याला त्या कायद्याने सहा आठवडे वंचित ठेवलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा तो कायदा राजीनाम्याला दंड करून सोडून देत होता. आपल्याकडे दार बंदच आहे, आणि ‘अटल’चे दिवसही त्यांच्या १०५ऐवजी ९०च. हे मला पटत नाही.

आता तो २६,६३०चा आकडा. बहुतेक जण शेवटच्या पगाराच्या निम्मे गुणिले तीन असा हिशेब करतात आणि मग फसवल्यासारखं वाटतं. नियम असा आहे की मागच्या चार अंशदान कालावधींतली एकूण कमाई घ्यायची आणि तिला ७३०ने भागायचं. अंशदान कालावधी सहा-सहा महिन्यांचे असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. चार कालावधी म्हणजे दोन वर्षं. १८,००० गुणिले २४ झाले ४,३२,०००. भागिले ७३० केले की रोजचे ५९१ रुपये ७८ पैसे. त्याचे निम्मे २९५ रुपये ८९ पैसे. नव्वद दिवसांचे २६,६३०.

खरी मेख भाजकात आहे. दोन वर्षांत सहा महिने कामच नव्हतं, तरी भागायचं ७३०नेच. आपल्याकडे ठेकेदाराकडच्या कामगाराला सात महिन्यांनी ‘ब्रेक’ द्यायची रीत आहे. असे ब्रेक जाऊन दोन वर्षांत १८ महिनेच काम झालं, तर त्याच पगारावर साहाय्य १९,९७३ रुपये येतं. ब्रेकमध्ये पगार तर बुडतोच, पुढच्या साहाय्यातूनही जवळपास सात हजार जातात. पात्रतेसाठी निदान दोन वर्षं विमायोग्य नोकरीत असावं लागतं. शिवाय नोकरी जाण्याच्या लगतच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं आणि आधीच्या तीनपैकी एका कालावधीतही ७८ दिवसांचं हवं.

इथे एक चूक घरोघर होते. नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक विचारतच नाही, नव्या नावाने नवा क्रमांक काढतो, आणि कामगारही म्हणतो, असू दे. क्रमांक बदलला की दोन वर्षांची साखळी तुटली. आधीचं सगळं अंशदान दुसऱ्याच कुणाच्या खात्यात असल्यासारखं होऊन बसतं. विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन हे आधारसारखे जन्मभर एकच ठेवायचे असतात. पगार स्लिपा जपून ठेवाव्यात. नोकरी चालू असतानाच, वर्षातून दोनदा, पोर्टलवर जाऊन महिन्यागणिक अंशदान जमा होतंय का हे बघावं. कापलेले पैसे भरलेच नाहीत अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. काम चालू असताना तक्रार करणं अवघड वाटतं हे मला कळतं, पण काम गेल्यावर ती दहापट अवघड होते.

अर्ज स्वतः कामगाराने करायचा असतो. पूर्वी तो मालकामार्फत जायचा, २०२०च्या बदलांत ती अट गेली. महामंडळाच्या पोर्टलवर विमा क्रमांकाने आत जाऊन अर्ज भरायचा, आधार आणि बँक खात्याचा तपशील जोडायचा, पैसे थेट खात्यात येतात. पण मालकाने त्याच्या बाजूने कामाचा शेवटचा दिवस आणि काम सुटण्याचं कारण भरलेलं असतं. त्या रकान्यात ‘नोकरी सोडली’ असाही पर्याय आहे आणि ‘कपात’ असाही. तिथे काय भरलं गेलं हे आपल्या पत्राशी जुळतंय ना, हे अर्जाच्या आधी तपासावं. चूक असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला पहिले तीस दिवस हाताशी आहेत. या साहाय्याच्या दिवसांत कुठेही नोकरीवर असता येत नाही. दोन ठिकाणी काम करणाऱ्याची एक नोकरी गेली तर तो बेरोजगार धरला जात नाही.

शेजाऱ्यांचे तीस दिवस १३ सप्टेंबरला भरले, घरात गणपती असताना. अर्ज त्याच आठवड्यात गेला. पैसे मात्र पुढे, टप्प्याटप्प्याने आले. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की पहिल्या दीड महिन्यात या साहाय्याचा एक रुपयाही धरू नका. तो काळ नोटीस पगार, उरलेली रजा आणि हातातल्या पैशांवर काढायचा असतो. शेजाऱ्यांच्या घरचा खर्च काटकसर करून महिना १६,००० होता. २६,६३०मध्ये किती दिवस निघतात? पन्नास. नाव नव्वद दिवसांचं असलं तरी घर पन्नासच दिवस चालतं, हे पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडलं की माणूस वेगळ्या तऱ्हेने वागू लागतो.

हे मांडलं त्यांच्या पत्नीने. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्यांनी तीन रंगांनी खुणा केल्या. निळ्याने येणारे पैसे, लालने जाणारे, हिरव्याने ‘इथपर्यंत ठरवायचं’. मला तो कागद अजून डोळ्यांसमोर दिसतो. दुचाकीच्या हप्त्याच्या तारखेआधी आठ दिवस हिरवी खूण होती, बँकेत जाण्याची. बँकेचं खातं ९० दिवस थकलं की ते अनुत्पादक ठरतं, आणि मग कुणी नीट बोलत नाही. हप्ता चुकण्याच्या आधी कपातीचं पत्र घेऊन शाखेत गेलं तर हप्ता लहान करून मुदत वाढवण्याची बोलणी होऊ शकतात. त्या गेल्या आणि हप्ता तेराशेवर आणून आल्या. भिशीचे पैसे मात्र त्यांनी बंद केले नाहीत. “ती नोव्हेंबरला माझी लागणार आहे, दादा,” त्या म्हणाल्या. त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पुढचा होता.

सगळ्यात ओढ पीएफची असते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक महिना बेरोजगार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले काढता येत. ऑक्टोबर २०२५मध्ये विश्वस्त मंडळाने हे बदलायचं ठरवलं: ७५ टक्के लगेच, बाकीचे २५ टक्के वर्षभर काम नसेल तरच, आणि पेन्शनचे पैसे काढण्यासाठी ३६ महिने थांबायचं. यावर कामगारांत नाराजी आहे आणि ती मी समजू शकतो, स्वतःचेच पैसे अडकून राहतात. तरी पेन्शनच्या भागाबद्दल माझं मत ठाम आहे. तो दहा वर्षांच्या सेवेआधी काढून टाकला की म्हातारपणची महिन्याची पेन्शनही गेली. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावं, म्हणजे नव्या नोकरीची वर्षं जुन्यात मिळवली जातात. पीएफची रक्कमही काढलीच पाहिजे असं नाही, अंशदान थांबलं तरी व्याज मिळत राहतं. पाच वर्षांची सेवा व्हायच्या आत मोठी रक्कम काढली तर करही कापला जातो. शेजाऱ्यांनी फक्त चाळीस हजार काढले, मुलीच्या फीसाठी आणि चार महिन्यांच्या भाड्यासाठी. जुन्या मालकाने पीएफवर ‘सोडल्याची तारीख’ टाकली नव्हती, ती शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतः पोर्टलवर टाकता येते. हे कळलं नसतं तर ते अजूनही त्या गेटवर उभे राहिले असते.

आता २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या दोन गोष्टी काम जाणाऱ्या माणसाने पाठ कराव्यात. कामावरून काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ‘सही करा तर आज मिळेल’ या धमकीतली हवा त्यामुळे निघते. दुसरी म्हणजे, कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात यायची आहे. मुदती कागदावर राहू नयेत म्हणून आपल्याला त्या तोंडपाठ हव्यात.

विम्याचं हे साहाय्य मात्र २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांपुरतं आहे (अपंग कामगारांसाठी मर्यादा २५,०००). ही मर्यादा १ जानेवारी २०१७पासून तीच आहे. हिंजवडीतल्या चाळीस हजारांच्या पोराला, घरोघर पार्सल पोचवणाऱ्याला, घरकाम करणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. त्यांच्यासाठी साहाय्य म्हणजे स्वतः बाजूला ठेवलेले पैसे, एवढंच. देशाने इतक्या लोकांना असं उघड्यावर ठेवू नये.

शेवटी त्या कालनिर्णयकडे येतो. डिसेंबरपर्यंत साहाय्य येऊन संपलं. शेजाऱ्यांना दिवाळीनंतर चाकणला ठेकेदाराकडे मिळालेलं काम सहा आठवड्यांत बंद पडलं. जानेवारीत नवं कॅलेंडर लागलं, आणि त्यावर एकच मोठी लाल खूण होती, ३० जूनवर. लोकांना वाटतं नोकरी गेली की दवाखान्याचं कार्डही गेलं. तसं नाही. एप्रिल ते सप्टेंबर या कालावधीत ७८ दिवसांचं अंशदान झालं असेल तर त्याचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनपर्यंत मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानाचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबर. १४ ऑगस्टला काम गेलेल्या माणसाचे त्या कालावधीतले ७८ दिवस जूनच्या मध्यालाच भरलेले होते. म्हणजे त्यांचं कार्ड ३० जून २०२५पर्यंत जिवंत होतं.

त्यांना तीन वर्षांपासून हर्निया होता. कामावर असताना रजेचा पगार बुडेल म्हणून ऑपरेशन ढकललं जात होतं, पट्टा बांधून जड जॉब उचलणं चालू होतं. फेब्रुवारीत, कुठेच काम नसताना, पत्नीने त्यांना धरून विम्याच्या दवाखान्यात नेलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं, बिलाचा कागद आलाच नाही. मे महिन्यात ते तळेगावच्या एका कारखान्यात लागले, जुनाच विमा क्रमांक देऊन. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना तिथल्या बाबूने विचारलं, “नवा नंबर काढू का?” शेजाऱ्यांनी खिशातून जुनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.